तिच्याच रायफलीने

भगूरच्या जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर संजनाने पहिले काही छर्रे वाया घालवले, मग थांबली, बंदुकीची नळी डोळ्यांसमोर धरून पाहिली आणि पुढचे सगळे फुगे एकापाठोपाठ एक फोडले. स्टॉलवाला हसायचा थांबला. संध्या मागे उभी राहून पाहत होती. पोरगी फुग्यावर नेम धरतच नव्हती. फुग्याच्या उजवीकडे, थोडं खाली धरत होती. त्या बंदुकीची नळी वाकडी होती. किती वाकडी ते बारा वर्षांच्या मुलीने स्वतःच शोधून काढलं होतं.

"तुला कुणी सांगितलं तिकडे धरायला?" संध्याने विचारलं.

"कुणी नाही. डावीकडे जात होती, म्हणून उजवीकडे धरली."

संध्या देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवायची. नवरा सोमनाथ पोस्टात. जेल रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट, एकुलती एक मुलगी, असा चारचौघांसारखा संसार. पण त्या संध्याकाळी रिक्षात बसल्यावर संध्याच्या पोटात जे पेटलं, ते सोमनाथला सांगता येण्यासारखं नव्हतं. मुलीचा हात चांगला आहे याचा आनंद तिला झालाच. पण त्याच्या आधी तिच्या मनात एक नाव आलं. पल्लवी.

गंगापूर रोडला पल्लवीची नेमबाजी अकादमी होती. रस्त्यावर मोठा फलक, त्यावर हातात रायफल घेतलेली पल्लवी आणि शेजारी तिची मुलगी गार्गी. चौदा वर्षांखालच्या गटात जिल्ह्यात पहिली. संध्या शक्यतो त्या रस्त्याने जात नसे. गेलीच तर फलकाकडे बघत नसे. पण फलक तिथे आहे हे तिला शाळेत वर्गावर असतानासुद्धा माहीत असायचं.

दोघी एकाच कॉलेजात होत्या, एकाच रायफल टीममध्ये. पॉइंट बावीसच्या रायफलीने झोपून नेम मारायचा, पाच गोळ्यांची भोकं जितकी जवळ तितकं चांगलं. संध्याची भोकं एकमेकांत मिसळायची. इगतपुरीच्या रेल्वे गँगमनची मुलगी, रोज गाडीने येणारी, पायात कॅनव्हासचे जुने बूट. दिल्लीच्या स्पर्धेसाठी टीममधून एकच मुलगी निवडायची होती आणि ती कोण हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. निवडीच्या कॅम्पात, शेवटच्या सरावानंतर, एक जिवंत काडतूस कमी भरलं. मैदान पालथं घातलं, मग तंबू तपासले. काडतूस संध्याच्या बॅगेत निघालं, मोज्याच्या घडीत.

तिने शपथा घेतल्या. कुणी ऐकलं नाही. पोलिसांत देऊ म्हणाले. तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. बारकू ड्यूटीवरून तसाच आला, अंगावर ग्रीसचे डाग. सगळ्या टीमसमोर त्याने कॅम्पाच्या मुख्य साहेबांचे पाय धरले. मागून कुणीतरी बोललं, "यांच्या हातात बंदूक दिली की दुसरं काय होणार." त्या 'यांच्या'चा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. पोलिसांत दिलं नाही, टीममधून काढलं. दिल्लीला पल्लवी गेली.

कॉलेज संपताना आशा नावाच्या मैत्रिणीने संध्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, "मी पाहिलं होतं गं. पल्लवी तुझ्या बॅगेत हात घालत होती. पण माझं नाव घेऊ नकोस." आशा पुढे लग्न करून परराज्यात गेली. संध्याजवळ उरलं ते एवढंच, माहीत असणं. ते तिने इतकी वर्षं जपलं होतं. ते शिळं झालं नव्हतं.

जत्रेनंतरच्या रविवारी ती संजनाला घेऊन गोरक्षच्या दुकानात गेली. गोरक्ष स्वतः राज्य पातळीवर खेळलेला, आता शालिमारजवळ खेळाच्या रायफली विकायचा आणि दुरुस्त करायचा. सोमनाथही बरोबर होता. लायसन्सचं काय, पोलिसांचं काय, हे त्याचे प्रश्न वाटेतच सुरू झाले होते.

"पॉइंट बावीसला लायसन्स लागतं, साहेब," गोरक्ष म्हणाला. "ती पुढची गोष्ट. पोरांना सुरुवात छऱ्याच्या रायफलीवर करायची. पॉइंट वन सेव्हन सेव्हन. हिला कागदपत्रांची कटकट नाही. पण खेळणं समजू नका. घरात कुलपात ठेवायची, आणि रिकामी असली तरी माणसाकडे रोखायची नाही. कळलं का गं?"

संजनाने मान हलवली.

संध्याला हवी ती रायफल तिने आधीच ठरवली होती. काळी, लांब, वजनदार. वर्तमानपत्रात गार्गीच्या हातात तिने पाहिली होती तीच. गोरक्षने ती काढून दिली. संजनाने खांद्याला लावली तशी तिची कंबर मागे वाकली आणि नळीचं टोक हलायला लागलं.

"दस्ता लांब पडतोय," गोरक्ष म्हणाला. "बघा, गाल टेकवायला तिला मान पुढे ओढावी लागतेय. सहा महिन्यांत पाठ धरेल पोरीची."

"सवय होईल," संध्या म्हणाली.

"सवय चुकीचीच होईल, मॅडम. मग ती मोडता येत नाही."

हे संध्यालाही ठाऊक होतं. तिच्या विद्यार्थिनीला दुसऱ्या कुणी अशी रायफल दिली असती तर ती त्याच्याशी भांडली असती. पण तिला ती काळी रायफलच हवी होती. गार्गीच्या हातात जे आहे त्याहून कणभर कमी काही संजनाच्या हातात तिला बघवणार नव्हतं.

गोरक्षने आणखी दोन-तीन दाखवल्या. एक फारच हलकी होती, दुसरीच्या घोड्यापर्यंत संजनाचं बोट पोचत नव्हतं. मग तो आतून एक वापरलेली रायफल घेऊन आला. लाकडी दस्ता आखूड केलेला, एका बाजूला चीर जाऊन डिंकाने नीट भरलेली.

"डोळे मिटून खांद्याला लाव," त्याने संजनाला सांगितलं. "नीट वाटली की उघड."

संजनाने डोळे मिटले, रायफल उचलली. डावं कोपर आपोआप कमरेच्या हाडावर टेकलं, गाल दस्त्यावर बसला. तिने डोळे उघडले तेव्हा नळी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्थिर होती.

"आई, हीच," ती म्हणाली.

"कुणाची होती?" सोमनाथने विचारलं.

"पल्लवी मॅडमच्या मुलीची. गार्गीची. दोन वर्षं हिच्यावरच शिकली ती. आता उंची वाढली, मोठी घेतली तिने."

संध्याच्या कानशिलांत गरम झालं. "ही नको," ती म्हणाली. "ठेवा ती आत."

"का गं आई?"

"नको म्हटलं ना. त्यांचं उतरलेलं आपल्याला नको."

ती दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. समोर रिक्षावाले भांडत होते. तिला पल्लवीचा चेहरा आठवला, तंबूच्या दाराशी उभा असलेला, बॅग उपसली जात असताना चिंता दाखवणारा. आणि मग हळूहळू दुसरं चित्र मनात आलं. रेंजवर संजना उभी आहे. पल्लवी बघतेय. पल्लवी रायफल ओळखते. आणि त्याच रायफलीने, तिच्या लेकीने टाकून दिलेल्या रायफलीने, तिची लेक हरते. हे चित्र संध्याला इतकं आवडलं की ती स्वतःशीच हसली.

ती आत आली. "द्या," ती गोरक्षला म्हणाली. "पण ती डिंकाची चीर तशीच राहू द्या. पॉलिश करू नका."

सोमनाथने तिच्याकडे बघितलं. त्याला सगळं माहीत नव्हतं, पण बायकोचा आवाज तो ओळखत होता.

त्यानंतर संध्याने मुलीला झोकून देऊन शिकवलं. सकाळी शाळेआधी रिकाम्या रायफलीने नुसतं उभं राहायचं, हात भरून येईपर्यंत. संध्याकाळी रेंज. श्वास कुठे सोडायचा, घोडा ओढायचा नाही तर हळूच दाबत न्यायचा, गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं. स्वतःच्या अंगात अडकून राहिलेलं सगळं ती मुलीत ओतत होती. संजनालाही ते आवडत होतं. एरवी चुळबुळी असलेली पोरगी रायफल हातात घेतली की शांत व्हायची.

एक दिवस सोमनाथने पाहिलं तर सरावाच्या भिंतीवर, निशाणाच्या काळ्या ठिपक्याशेजारी, गार्गीचा वर्तमानपत्रातला फोटो चिकटवलेला. त्याने तो ओरबाडून काढला.

"हे काय चालवलंयस तू?"

"तिला कळायला नको कोणाला हरवायचंय ते?"

"बाबा, हिने काय केलं?" संजनाने विचारलं.

"तिने नाही," संध्या म्हणाली. "तिच्या आईने." आणि मग, सोमनाथ नको नको म्हणत असताना, तिने मुलीला सगळं सांगितलं. काडतूस, मोजे, आजोबांनी धरलेले पाय. संजना ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग फोटो त्यांचा लावायचा होतास." आणि रायफल पुसायला बसली.

दिवाळीनंतर जिल्हा स्पर्धा होती. संजना नव्या मुलींमध्ये शेवटून दुसऱ्या जागेवर उभी. गार्गी मधोमध, काळी रायफल, नवं जॅकेट. संध्या पालकांच्या खुर्च्यांत बसली होती तेव्हा पल्लवी चालत आली. केस कापलेले, गळ्यात शिट्टी.

"संध्या ना तू? अगं, किती वर्षांनी." ती खरंच आनंदाने हसली. "तुझी मुलगी खेळते? आणि ही तर आमचीच रायफल. तिचा दस्ता मीच कापून घेतला होता. चांगली आहे गं, नशीबवान आहे."

संध्याला वाटलं होतं, ती ओळख दाखवणार नाही, किंवा मान खाली घालेल. ही तर चक्क हसत होती, जणू दोघींनी एकत्र डबा खाल्ला होता, बाकी काही घडलंच नव्हतं. संध्याने तोंड रेंजकडे वळवलं. तिच्या हातातल्या पर्सचा पट्टा ताणला गेला.

संजनाची सुरुवात वाईट झाली. मग जत्रेतल्यासारखी ती थांबली, रायफल टेकवली, पाणी प्यायली, पुन्हा उचलली. त्यानंतर तिने मागे वळून कुणाकडे पाहिलं नाही. गार्गी चांगलीच खेळत होती, पण शेवटच्या काही फैरींत तिचा नवा लांब दस्ता तिलाच जड झाला. निकाल लागला तेव्हा संजना पहिली होती. फरक अगदी थोडा.

संध्याला वाटलं होतं त्या क्षणी छातीतलं काहीतरी मोकळं होईल. काही झालं नाही. उलट भूक वाढल्यासारखं झालं.

पदकं वाटल्यावर चहाच्या टेबलापाशी पल्लवी पुन्हा आली. शेजारी गार्गी, जॅकेटची एक बाही काढलेली. आजूबाजूला पालक, मुलं, पंच.

"संध्या, मुलगी फार गुणी आहे," पल्लवी म्हणाली. "माझ्याकडे पाठव. मी स्वतः शिकवीन."

"पाठवते," संध्या म्हणाली. तिचा आवाज वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा होता. "आधी एवढं सांग. कॅम्पात माझ्या मोज्यात जिवंत काडतूस कोणी ठेवलं होतं?"

कप ठेवल्याचा आवाज आला.

"हे काय काढलंस आता. इथे नको."

"इथेच. माझी बॅग सगळ्यांसमोर उपसली होती ना? आशाने पाहिलं होतं तुला."

पल्लवीचा चेहरा उतरला. ती नाही म्हणेल या तयारीने संध्या आली होती, पुढची वाक्यं तिने पाठ करून ठेवली होती. पण त्याआधी गार्गीनेच विचारलं, "मम्मी?"

पल्लवीने मुलीकडे पाहिलं आणि तिथेच तिचं बळ सरलं. "मी अठरा वर्षांची होते," ती हळू म्हणाली. "तू दिल्लीला जाणार हे मला सहन होत नव्हतं. इतकं वाढेल असं वाटलं नव्हतं मला. नुसती बोलणी खाशील आणि टीमबाहेर जाशील, एवढंच वाटलं होतं."

"माझ्या बापाने पाय धरले तेव्हा तू तिथेच होतीस."

"हो."

"मग इगतपुरीला ये आणि त्यांना सांग. नाही आलीस तर प्रत्येक स्पर्धेला मी हेच विचारीन, असंच, मोठ्याने."

पल्लवी आली. पुढच्याच रविवारी, गार्गीला घेऊन. नंतर कळलं की गार्गीने घरी जेवण सोडलं होतं आणि तीच आईला ओढून घेऊन आली होती.

बारकूचं घर रेल्वे कॉलनीच्या मागे, दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. बारकू आता थकला होता. आयुष्यभर रुळांशेजारी काढल्याने कानाने कमी ऐकू यायचं. विठाबाईने, संध्याच्या आईने, पाहुण्यांना चटई टाकली. संध्या दाराला टेकून उभी राहिली, संजना तिच्या शेजारी. तिला बसायचं नव्हतं. तिला सगळं नीट दिसायला हवं होतं.

"काका," पल्लवी म्हणाली, "ते काडतूस संध्याने घेतलं नव्हतं. मी ठेवलं होतं तिच्या बॅगेत."

"काय म्हणतीस?" बारकूने कानाला हात लावला.

"काडतूस मी ठेवलं होतं."

"मोठ्यानं बोल बाई. ऐकू नाय येत."

पल्लवीने संध्याकडे पाहिलं. संध्या हलली नाही. तिने आईलाही बोलू दिलं नाही. मग पल्लवी ओरडून म्हणाली, "काडतूस मी ठेवलं होतं. चोरी मी केली होती." बाहेर नळावरच्या बायका गप्प झाल्या. शेजारचं दार उघडलं. संध्याला वाटलं, हे, हेच हवं होतं मला.

बारकूने पल्लवीकडे पाहिलं. मग संध्याकडे वळला.

"म्हंजे, तू नव्हतं घेतलं," तो म्हणाला.

संध्याला आधी कळलंच नाही. "म्हणजे काय, आप्पा? मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. लेकरं सांगत्यातच." तो सावकाश बोलत होता. "मला वाटलं, पोर लय चांगली नेम मारती, हौसेनं ठिवलं असंल एखादं, आठवण म्हणून. काढून दिलं असतंस तर मी रागावलो नसतो. म्हणून तर पाय धरले मी. माझी पोर खरी हाय आसं वाटलं असतं, तर कुणाचे पाय धरले असते का मी? भांडलो नसतो?"

पल्लवी हुंदके देत होती. संध्याने पल्लवीकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकी वर्षं तिच्या मनात ते दृश्य असं होतं की सगळे एका बाजूला, आणि तिच्यासाठी झुकलेला बाप एकटा तिच्या बाजूला. त्या दृश्यातली चांगली गोष्ट तेवढी एकच होती.

"तू बोलली का नाहीस कधी, आप्पा असं समजत होते म्हणून?" तिने आईला विचारलं.

विठाबाई म्हणाली, "विषय काढला की ते उठून जायचे गं. मला वाटलं, तुला कळतंय."

संध्या घराबाहेर आली. नळावरच्या बायकांनी तिला वाट दिली. मागोमाग संजना आली, शेजारी उभी राहिली. थोड्या वेळाने पल्लवी आणि गार्गी गाडीकडे गेल्या. पल्लवी थांबली, बहुतेक काही ऐकायच्या अपेक्षेने. संध्याने तिला सांगितलं, "जा तू." तिच्यावरचा राग संपला नव्हता, पण आता त्याच्याकडे लक्ष द्यायला संध्याला सवड नव्हती.

त्यानंतर ती इगतपुरीला गेली नाही. बारकूचे फोन येत. आधी तो सोमनाथशी बोलून ठेवायचा, मग एकदा त्याने तिलाच फोनवर बोलावलं.

"पोरीची पुढची मॅच कधी हाय?"

"अजून ठरलं नाही," संध्या मोठ्याने म्हणाली. ठरलं होतं. नाशिकलाच होती, विभागाची, दोन आठवड्यांनी. फोन ठेवल्यावर तिला बरं वाटलं, आणि असं बरं वाटल्याचं तिला वाईट वाटलं नाही.

"खोटं का सांगितलंस?" संजनाने विचारलं.

"त्यांनी माझं खरं ऐकलं नव्हतं."

संजनाने वाद घातला नाही. तिने बाबांच्या फोनवरून आजोबांना तारीख सांगितली.

स्पर्धेच्या दिवशी संध्या खुर्च्यांत येऊन बसली तेव्हा बारकू आधीच तिथे होता. पांढरा सदरा, इस्त्री केलेला, पॅसेंजरने एकटा आलेला. तिने एक खुर्ची सोडून बसणं पसंत केलं. दोघं समोर पाहत राहिली. संजना डिंकाच्या चिरेवर गाल टेकवून उभी राहिली, फैर झाडली, पुन्हा भरली. लांबवरच्या कागदावर काळ्या ठिपक्यात भोकं पडत गेली. बारकूला ती दिसत नव्हती, पण तो प्रत्येक वेळी मान पुढे काढून बघत होता.

"जवळजवळ पडत्यात का?" त्याने कानाला हात लावून विचारलं.

"हो."

आणखी काही फैरी झाल्या. मग तो म्हणाला, "तुझ्याबी अशाच पडायच्या का?"

"याहून जवळ," संध्या म्हणाली. तिला ते तोडून बोलायचं होतं आणि ती तसंच बोलली.

बारकूने मान हलवली. "आसंल," तो म्हणाला. "मी कधी आलोच नाय बघायला."

संजनाने पुन्हा रायफल उचलली. संध्या समोर बघत राहिली, पण कान तिने त्याच्याकडे ठेवला होता. तो आणखी काही विचारतो का याची ती वाट पाहत होती.